तीन ते साडेतीन पंखा बंद

जपमाळ संपली, पडद्यावरची टिल्डी मावळली, आणि ॲग्नेस खुर्चीवरून उठता उठता म्हणाली, "तो पंखा मधे जरा गप्प बसला असता, तर बरं झालं असतं, नाही?" एवढंच. मग ती बटाटे सोलायला गेली.

एल्रॉय टेस्मरच्या हातातला कॉफीचा कप तिथेच थांबला. उत्तर मिनेसोटातल्या त्या गावात कुणी आवाज चढवून बोलत नाही. घराचं छप्पर उडालं तरी लोक म्हणतात, हवा जरा खेळती झाली. तिथे बायकोनं "बरं झालं असतं, नाही?" म्हणणं म्हणजे दुसऱ्या मुलखात भांडी आपटून माहेरी निघून जाणं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ती यापूर्वी दोनदाच बोलली होती. एकदा त्यानं बोटीची मोटार न्हाणीघरातल्या टबात धुतली तेव्हा, आणि एकदा तिच्या भावाच्या लग्नात त्यानं भाषण केलं तेव्हा.

पंखा होता इंटरनेटच्या राउटरचा. जुना राउटर डिसेंबरात आजारी पडला. टिल्डीचं चित्र मधेच थिजायचं, कधी डोळे मिटलेलं तर कधी तोंड उघडं, आणि ॲग्नेस त्या थिजलेल्या चित्रापुढे पाच पाच मिनिटं माळ धरून बसून राहायची. तेव्हा एल्रॉयला तळघरातल्या एका खोक्याची आठवण झाली. लुथरन चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, एक बिघडलेला टोस्टर आणि शिकारीची तीन लाकडी बदकं यांच्या मधे, त्याला एक थोराड काळा राउटर मिळाला होता. आधीच्या मालकानं त्याच्या पाठीवर वेगळा पंखा बसवला होता. एल्रॉय लुथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट, जपमाळ न म्हणणाऱ्यांतला; ॲग्नेस कॅथलिक. त्यावरून दोन्ही घरांत जे काही झालं होतं ते निवून आता जमाना झाला होता; तरी मेरीमातेच्या मूर्तीशेजारी, त्याच फळीवर, तो लुथरन राउटर बसवताना ॲग्नेसनं त्याच्याकडे नव्या जावयाकडे पाहावं तसं पाहिलं. दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती. टेलिफोन सहकारी संस्थेच्या माणसानं वायरीसाठी भोक पाडलं होतं ते नेमकं मूर्तीच्या मागे, आणि असं का, हे त्याला विचारायच्या आत तो निवृत्त झाला होता.

चित्र मात्र लख्ख आलं. टिल्डीच्या स्वेटरची बटणं मोजता यायची. पण चित्र सुरू झालं की राउटर तापायचा, आणि तापला की पंखा धान्य वाळवायच्या कोठारासारखा घोंगावायला लागायचा. म्हणजे दिवसभर मुका, आणि नेमका जपमाळेच्या वेळेला जागा.

टिल्डी म्हणजे क्लोटिल्डा, ॲग्नेसची थोरली बहीण. दीडशे मैलांवरच्या एका शुश्रूषागृहात होती. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि वाचा गेली. पाणी हवं म्हणता येत नव्हतं, स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. पण जपमाळेतल्या प्रार्थनेचे दोन भाग असतात. पहिला एकीनं म्हणायचा, दुसरा दुसरीनं. लहानपणी गाईंच्या धारा काढताना या दोघी बहिणी तशाच म्हणायच्या. ॲग्नेसनं पहिला अर्धा भाग म्हटला की उरलेला अर्धा टिल्डीच्या ओठांतून आपोआप यायचा, कुठल्याशा खोल विहिरीतून बादली वर यावी तसा. रोज दुपारी तीन ते साडेतीन, व्हिडिओ कॉलवर. तेवढ्याच वेळापुरती टिल्डी बोलत असे.

त्यात ॲग्नेसनं चोपन्न दिवसांचा नेम धरला होता. सत्तावीस दिवस मागायचं आणि पुढचे सत्तावीस दिवस आभार मानायचे, मग मागितलेलं मिळालेलं असो वा नसो. मधे खंड पडला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी पंचेचाळिसावा दिवस होता. पंख्याची घरघर टिल्डीच्या कानातल्या श्रवणयंत्रात शिरून तिथे काय वादळ होत असेल ते देवाला ठाऊक; तिसऱ्या दशकात, म्हणजे माळेतल्या तिसऱ्या दहा मण्यांत, तिनं दोन्ही यंत्रं काढली आणि शांतपणे पुडिंगच्या वाटीत टाकली. मग तिच्या वाट्याचा अर्धा भाग आलाच नाही. उरलेली सगळी माळ ॲग्नेसनं एकटीनंच म्हटली, दोन्ही अर्धे.

एल्रॉयनं ते स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. म्हणून कप थांबला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या बाईंनी त्याला अकरा पानं छापून दिली. त्यांवरून असं समजलं की पंख्याला स्क्रिप्ट लिहून देता येते. म्हणजे यंत्राला चार ओळींची चिठ्ठी: इतकं तापलं तर फीर, नाहीतर बस. हे वाचून एल्रॉयची मान ताठ झाली. काउंटीच्या रस्ते खात्यात अडतीस वर्षं त्यानं दुसरं काय केलं होतं? रस्त्याचं तापमान बघायचं आणि बर्फ वितळवायला मीठ टाकायचं की नाही ते ठरवायचं. त्याच्या एका अंशावर मिठाच्या नऊ गाड्या निघत किंवा थांबत. तापमान या विषयात त्या काउंटीत त्याच्याहून मोठा माणूस नव्हता, आणि हे तो स्वतः म्हणत नसे, कोणी म्हटलं तर फक्त नाही म्हणत नसे.

शेजारचा व्हर्न हाउगेन मात्र असल्या चिठ्ठ्याचपाट्यांच्या विरुद्ध होता. व्हर्न त्याच नऊ गाड्यांपैकी एक चालवायचा आणि निवृत्तीनंतर गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून माशांची वाट बघत बसायचा, त्यामुळे विचार करायला त्याला भरपूर वेळ मिळे. त्याचं म्हणणं सोपं होतं. बाहेर उणे वीस आहे. उणे वीस फुकट मिळत असताना पंखा कशाला? राउटर खिडकीबाहेर ठेवून द्यावा. एल्रॉयनं त्याला समजावलं की विजेच्या वस्तू बर्फात ठेवत नाहीत. व्हर्न म्हणाला, "माझी गाडी पण विजेवरच सुरू होते की लेका." त्यानंतर तो रोज यायचा, कॉफी प्यायचा आणि जाताना खिडकीकडे बघून सुस्कारा सोडायचा.

किती तापलेलं चालतं हे विचारायला एल्रॉयनं सहकारी संस्थेला फोन लावला. फोनवर आर्लिस होती. तिनं आधी ॲग्नेसच्या गुडघ्याची चौकशी केली, मग टिल्डीची, मग सांगितलं की हा राउटर संस्थेच्या यादीत नाही. यादीत नसलेल्या उपकरणासाठी सभासदानं अर्ज करायचा, त्यावर एका साक्षीदाराची सही घ्यायची, आणि तो अर्ज संचालक मंडळापुढे ठेवला जाईल. मंडळ महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बसतं. या मंगळवारी बसणार नाही, कारण तळ्यावर मासेमारीची स्पर्धा आहे आणि गणसंख्या सगळी बर्फावर असेल. एल्रॉयनं विचारलं की नियमात तापमानाचं तरी काही लिहिलंय का. आर्लिसनं बराच वेळ पानं उलटली आणि म्हणाली, "हे बघा, सापडलं. उपकरण एकशे चाळीस अंशांच्या वर जाता कामा नये."

एकशे चाळीस. भर उन्हाळ्यात डांबर मऊ पडतं ते साधारण याच आकड्याला. एल्रॉयला हा आकडा ओळखीचा आणि विश्वासू वाटला. साक्षीदार म्हणून व्हर्ननं सही केली, पण सहीखाली 'माझं मत खिडकीचं आहे' असं लिहून.

मग लिखाण. दोन बोटांनी टंकायला त्याला दोन दिवस लागले. पहिल्या चिठ्ठीत कमी-जास्तची खूण उलटी पडली, आणि राउटर जितका गार तितका पंखा जोरात असा प्रकार सुरू झाला. सकाळी सहा वाजता घर हेलिकॉप्टरसारखं थरथरलं. ॲग्नेसनं नुसती लापशी झाकून ठेवली.

दुसऱ्या चिठ्ठीनं राउटरचं तापमान पडद्यावर दाखवलं. बावन्न हजार.

एल्रॉयनं चष्मा पुसला. बावन्न हजारच. त्यानं व्हर्नला बोलावलं. व्हर्ननं राउटरवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि सांगितलं की कोंबडीच्या पोटाखाली हात घातल्यासारखं लागतंय, बावन्न हजार काही नसावं. अकरा पानांपैकी नवव्या पानावर बारीक अक्षरात उलगडा होता: हे यंत्र अंशाचे हजार भाग करून मोजतं, म्हणून हजारानं भागावं. भागलं. बावन्न आले.

बावन्न बघून एल्रॉयला आधी हसू आलं आणि मग राग. बावन्न म्हणजे एप्रिलमधली छान सकाळ. बावन्न झाले की गावातली पोरं अर्ध्या चड्डीत फिरायला लागतात. एवढ्याशा गारव्यात हा पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता, आणि त्याच्यापायी टिल्डीचे कान किटले होते. त्यानं दातओठ खात चिठ्ठीत लिहिलं: एकशे चाळीसच्या वर गेलं तरच फीर.

पंखा थांबला. तो असा थांबला की घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

तो एकोणपन्नासावा दिवस. एल्रॉय स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभा राहिला, पुसण्यासारखं हाताला काही नसताना. ॲग्नेसचा अर्धा, टिल्डीचा अर्धा. ॲग्नेसचा अर्धा, टिल्डीचा अर्धा. पाचही दशकं पार पडली आणि यंत्रं टिल्डीच्या कानातच राहिली. संध्याकाळी ॲग्नेसनं लिंबाच्या वड्या केल्या आणि कोपऱ्यातली वडी, जी सगळ्यांनाच हवी असते, ती न बोलता त्याच्या बशीत ठेवली. त्या गावात याला मिरवणूक म्हणतात.

ॲग्नेसच्या मनात राउटरबद्दलही माया उपजली. तिनं एल्रॉयला त्याचं तापमान विचारलं. सहासष्ट, एल्रॉय म्हणाला. ॲग्नेस हळहळली, सहासष्टला तर ती स्वतः शाल घेते. दोन दिवसांत तिनं निळ्या लोकरीची टोपी विणली, मेरीमातेच्या झग्याच्याच रंगाची, आणि राउटरला नीट कानांपर्यंत घातली. एल्रॉयला ते फार गोड वाटलं. अभियंता म्हणून त्यानं फक्त एवढंच पाहिलं की दिवे दिसतायत.

आकडा हळूहळू चढत होता. चौऱ्याहत्तरला एल्रॉय म्हणाला, आता कुठे माणसात आला. अठ्ठ्याऐंशीला म्हणाला, ऑगस्टमधलं तळं. व्हर्ननं कॉफी पिता पिता नाक वर करून हुंगलं आणि विचारलं की घरात कोणी प्लास्टिक उकडतंय का. एल्रॉयनं त्याला आकडा दाखवला. आकड्यापुढे व्हर्नच्या नाकाचं काही चाललं नाही.

बावन्नाव्या दिवशी एक घटना घडली. ॲग्नेसनं चर्चमधून आशीर्वाद दिलेली मेणबत्ती आणून फळीवर ठेवली होती, राउटर आणि मूर्तीच्या मधे. सकाळी पाहते तो मेणबत्ती कमरेत वाकून मूर्तीपुढे नमस्कार करत होती. ॲग्नेस किती तरी वेळ तिच्यापुढे उभी राहिली. तिनं कोणाला काही सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात. एल्रॉयनंही पाहिलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. लुथरन असला तरी तो त्या घरात सेहेचाळीस वर्षं राहत होता.

त्रेपन्नाव्या दिवशी तीन वाजून अठरा मिनिटांनी, चौथ्या दशकातल्या सहाव्या मण्याला, पडदा काळा झाला.

एल्रॉय धावला. शेवटचा आकडा एकशे पाच होता. एकशे पाच म्हणजे माणसाला ताप. यंत्रानं एवढ्यावर मरायचं कारण नव्हतं. त्यानं टोपी उचलली आणि बोटं भाजून खाली टाकली. मागे ॲग्नेस जागची हलली नव्हती. बोट त्याच मण्यावर. तिनं आपला अर्धा भाग म्हटला आणि थांबली. टिल्डीचा अर्धा जिथे यायचा तिथे काहीच आलं नाही. तिनं मान वर केली नाही; माळ धरलेला अंगठा तोच मणी परत परत चोळत राहिला. एका दिवसावर नेम आला होता.

एल्रॉयनं तो दुसरा अर्धा भाग हजारो वेळा ऐकला होता. भिंतीपलीकडून, गाडीत शेजारून, न्हाणीघराच्या दाराआडून. तोंडानं एकदाही म्हटला नव्हता. हातात काळा गरम डबा, बोटं भाजलेली, आणि अशा अवस्थेत त्याच्या तोंडून तो आला. पहिला शब्द घोगरा, पुढचे सरळ. ॲग्नेसचा अंगठा थांबला. तो पुढच्या मण्यावर सरकला.

एवढ्यात मागच्या दारानं व्हर्न आला, ॲग्नेसचं केकचं रिकामं ताट परत करायला. त्यानं डबा पाहिला, धूर नव्हे पण धुरासारखं काही पाहिलं, लोकरीची टोपी पाहिली. एल्रॉय प्रार्थनेच्या मधे बोलू शकत नव्हता. त्यानं नुसती हनुवटी खिडकीकडे केली. सात दिवस, म्हणजे व्हर्नच्या हिशेबानं सात वर्षं, ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. पण व्हर्न भला माणूस. त्यानं ब्रही काढला नाही. राउटर वायरींसकट ताटात ठेवला, खिडकी खांद्यानं ढकलून वर केली, ताट चौकटीवर टेकवलं, आणि बाहेरच्या अंगाला जाऊन, गुडघाभर बर्फात, ते ताट दोन्ही हातांनी खिडकीशी धरून उभा राहिला. आतून आवाज ऐकू येत होता. एल्रॉय टेस्मर, लहानपणी त्याच्याबरोबर एकाच बाकावर लुथरन धडे घोकलेला, कॅथलिक जपमाळ म्हणत होता. प्रार्थना चालू असताना डोकं उघडं हवं, आणि व्हर्नचे हात अडकलेले होते, म्हणून त्यानं मान झटकून डोक्यावरची टोपी बर्फात पाडली.

चार मिनिटांनी दिवे लागले. आणखी दोन मिनिटांनी पडदा उजळला.

टिल्डी तिथेच होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. शेजारी तिची देखभाल करणारी लुअॅन उभी होती, तिचे डोळे ओले.

"पडदा गेला तेव्हा मी यांच्या हातातली माळ काढून ठेवणार होते," लुअॅन हळू आवाजात म्हणाली. "पण या ऐकेनात. जरा थांबायच्या, कोणी बोलतंय असं कान देऊन ऐकायच्या, आणि मग आपला भाग म्हणायच्या. परत थांबायच्या. मला तर काही ऐकू येत नव्हतं."

ॲग्नेसनं पडद्यावर टिल्डीच्या बोटांकडे पाहिलं, मग आपल्या. पाचव्या दशकाचा दुसरा मणी. दोघींचा. तिनं पुढचा अर्धा म्हटला, आणि या वेळी दुसरा अर्धा दोन आवाजांत आला: एक दीडशे मैलांवरून, एक शेजारून. बाहेर थंडी होती, पंखाही बाहेर होता, आत सगळं निवांत होतं.

साडेतीन वाजता खिडकीबाहेरून व्हर्ननं विचारलं की आता आकडा काय म्हणतोय, कारण त्याला आपल्या नाकाचा भरवसा उरला नव्हता.

"अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्न काय लेका. ताटात पडलेला बर्फ पाणी होऊन वाफाळतोय. यावर अंडं तळ."

एल्रॉय पडद्याकडे बघत राहिला. पाणी बत्तीसला गोठतं आणि दोनशे बाराला उकळतं, हे त्या काउंटीत शेंबडं पोरही सांगतं. त्याशिवाय दुसऱ्या कुठल्या रीतीनं कोणी तापमान मोजत असेल हे त्याच्या अडतीस वर्षांत कधी टेबलावर आलं नव्हतं. मग हळूच त्याला आठवलं, सीमेपलीकडून येणाऱ्या मालमोटारींचे चालक जुलै महिन्यात तीस अंश उकाड्याची तक्रार करायचे, आणि सगळं खातं त्यांना हसायचं; त्यांचे अंश सेल्सियसचे, इथले फॅरनहाइटचे.

"व्हर्न," तो म्हणाला, "हे कॅनडातलं मोजतंय."

व्हर्ननं ताटाकडे पाहिलं. "मग पहिल्यांदाच नाही का सांगायचं त्यानं?"

एल्रॉयच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तापमानातला काउंटीचा सर्वांत मोठा माणूस एक राउटर पाच दिवस उकळत होता, वर लोकरीची टोपी घालून. व्हर्ननं ही गोष्ट तळ्यावर कोणालाही सांगितली नाही. म्हणजे वसंतापर्यंत नाही.

नवी चिठ्ठी एल्रॉयनं त्याच संध्याकाळी लिहिली. साठच्या वर गेलं तर फीर. रोज अडीच वाजता पूर्ण जोरात फीर आणि स्वतःला गार करून घे. तीन ते साडेतीन बंद, काही झालं तरी. त्या ओळीशेजारी त्यानं यंत्राला न कळणारा, माणसांसाठीचा शेरा घातला: ही ओळ कोणी बदलू नये. चोपन्नावा दिवस पार पडला. त्यानंतरच्या आठवड्यात संस्थेचं पत्र आलं: उपकरणास मंजुरी, साक्षीदाराच्या मताची नोंद घेतली.

नेम संपला होता. पंचावन्नाव्या दिवशी कोणावर काही बंधन नव्हतं. पण अडीच वाजता पंखा घोंगावायला लागला आणि ॲग्नेसनं कणकेचे हात धुतले. आता तो आवाज तिला चर्चच्या घंटेसारखा झाला होता. एल्रॉय मेजाशी बसून उगाच एक स्क्रू आवळत होता. ॲग्नेसनं दुसरी खुर्ची ओढली, खणातून दुसरी माळ काढली, आणि त्याच्याकडे न बघता ती मेजावर त्याच्या बाजूला सरकवली.

"नेम कशासाठी होता?" त्यानं विचारलं. "टिल्डी बोलावी म्हणून?"

"तिचा आवाज बारीक होत चाललाय, एल्." ॲग्नेस पडद्याची धूळ पुसत होती. "एक दिवस तो यायचा नाही. मी एवढंच मागितलं होतं की दुसरा अर्धा कोणीतरी म्हणावा. कोणी, ते मी नव्हतं सांगितलं."

एल्रॉयनं स्क्रू खाली ठेवला. तीन वाजले. पंखा थांबला.